फायबर होडीवर लिथियम बॅटरी: वजन नक्की कुठे वाचतं?

होडीवरची जुनी बॅटरी रात्रभर टिकेनाशी झाली की प्रश्न उभा राहतो. तीच लेड-अ‍ॅसिड पुन्हा आणायची, की पदरचे जास्त पैसे घालून लिथियम घ्यायची? दुकानदार सगळ्यात आधी वजनाचं सांगतो: तीस किलोच्या जागी बारा किलो. आकडा खरा आहे, पण तो प्रत्येक होडीच्या कामाचा नाही. तुमची होडी रोज वाळूवर ओढावी लागत असेल आणि बॅटरी चार्जिंगला घरी न्यावी लागत असेल, तर लिथियमचा विचार जरूर करा. ट्रॉलर असेल, तर निव्वळ वजनासाठी एक रुपयाही जास्त घालू नका.

आधी वजन समोरासमोर ठेवू. १२ व्होल्ट, १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, किती अँपिअर किती तास मिळतात त्याचं माप) लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ ते ३० किलो भरते. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर (तीही लेडचीच) होडीवर घालणारेही आहेत; ती ५० किलोच्या वर जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी ११ ते १३ किलोत बसते. पण खरा फरक याच्याही पुढे आहे. लेड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर बसते, म्हणजे १०० एएचमधले हक्काने वापरता येतात ते ५०. लिथियममधले ८० ते ९० बिनधास्त वापरता येतात. म्हणून १०० च्या जागी १०० घेणं हा पैशाचा अपव्यय आहे.

आपल्या होडीचा हिशेब मांडून बघा. दहा-दहा वॉटचे दोन एलईडी दिवे, जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून बारा वॉट, मोबाइल चार्जिंगला आठ. झाले ४० वॉट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास. दहा तासांच्या रात्रीला ३३ एएच. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकायला चालू ठेवला तर आणखी चार-पाच, आणि बोलताना तो पाच अँपिअरपर्यंत ओढतो, पण बोलणं मिनिटभराचं. धरा ४० एएच. एवढ्यासाठी लेडची १०० एएच लागते आणि लिथियमची ६० एएच पुरते. ही ६० एएच सात-आठ किलोची असते. तीसच्या जागी आठ, आणि किंमतही १०० एएचच्या लिथियमपेक्षा बरीच कमी. दुकानदार हा हिशेब आपण होऊन मांडत नाही, म्हणून तो तुम्ही घरून करून न्या.

हे बावीस किलो पाण्यात फारसे जाणवत नाहीत. माणसं, जाळं, बर्फ, पेट्रोल आणि मासळी धरून होडी दीड टनावर गेली असेल, तर बावीस किलो म्हणजे दीड टक्काही नाही. त्याने पेट्रोल वाचेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फरक पडतो तो किनाऱ्यावर. ओहोटीला होडी लांब राहते, मऊ वाळूत पाय रुततो, आणि हातात तीस किलोची बॅटरी असते. ती वाकडी झाली की झाकणातून अ‍ॅसिड पाझरतं. गोणपाटात गुंडाळून नेली तर गोणपाटाला भोकं पडतात, आणि पँटवर थेंब पडला तर तो धुऊन काढेपर्यंत कापड गेलेलं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या तांडेलाची कंबर या ओझ्यानेच धरते. सात-आठ किलोची सीलबंद पेटी एका हातात धरून माणूस दुसऱ्या हाताने मासळीचा क्रेट उचलू शकतो. माझ्या मते लिथियमच्या बाजूने याच्याएवढं मोठं कारण दुसरं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बॅटरी बहुतेक वेळा मागे, मशीन आणि पेट्रोलच्या टाकीजवळ असते. तिथलं वजन कमी झालं की होडीचा तोल थोडा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, सरकतो. लहान होडीत टाकी किंवा नांगर हलवून तो सावरता येतो. पण जुन्या लाकडी होडीत दोन-तीन जड बॅटऱ्या तळाशी बसवलेल्या असतील, तर त्या होडीला खाली धरून ठेवायचं कामही करत असतात. त्या काढल्यावर खालचं वजन भरून काढल्याशिवाय लाटेत जाऊ नका.

चार्जिंगमध्ये लिथियम सरळ पुढे आहे. लेड बॅटरी शेवटच्या वीस टक्क्यांना फार वेळ घेते, त्यामुळे पूर्ण भरायला आठ-दहा तास मोडतात. सकाळी होडी लागली, मासळी लिलावाला गेली, संध्याकाळी पुन्हा निघायचं, आणि मध्ये दोन तास लाइट गेली, तर लेड अर्धवटच राहते. रोज अर्धवट राहणारी लेड बॅटरी आतून सल्फेट धरते आणि वर्ष-दीड वर्षात संपते. ४० एएच वापरलेली लिथियम २० अँपिअरच्या चार्जरवर दोन-अडीच तासांत भरते आणि अर्धवट राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. चार्जर मात्र लिथियमचाच हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरवर ती लावू नका.

आता लिथियमची उणी बाजू, आणि ही समुद्रावर महत्त्वाची आहे. लेड बॅटरी उतरायला लागली की दिवा मंद होतो, माणसाला कळतं, तो परत फिरतो. लिथियमचा दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, मर्यादा आली की सगळं एकदम तोडतं. दिवा, जीपीएस, रेडिओ सगळं एकाच क्षणी बंद. व्होल्टमीटर बघून अंदाज येत नाही. म्हणून किती एएच खर्च झाले ते मोजणारा शंटचा मीटर बॅटरीबरोबरच घ्या, आणि हातातला रेडिओ व टॉर्च वेगळ्या बॅटरीवर ठेवा. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी नौकांवरच्या ट्रान्सपॉन्डरच्या (होडीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या उपकरणाच्या) देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. होडीवर अशी उपकरणं वाढत जाणार आहेत आणि ती अंधारात अचानक गप्प होणं परवडणारं नाही.

डिझेल इंजिनाच्या होडीवर आणखी एक अडचण येते. लिथियम भरताना अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) मिळेल तेवढा करंट ओढत राहते. कमी फेऱ्यांवर चालणारं इंजिन आणि बंदिस्त खण असला की अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यातच बीएमएसने चार्जिंग अचानक तोडलं तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. उपाय असा: सेल्फ मारायला लेडचीच बॅटरी राहू द्या, अल्टरनेटर तिला जोडा, आणि तिच्यापासून डीसी-टू-डीसी चार्जरने (एका बॅटरीवरून दुसरी बेताने भरणाऱ्या चार्जरने) लिथियम भरा. सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर लागतात. त्या कामाला लेड आजही स्वस्त आणि भरवशाची आहे. लहान आउटबोर्डच्या कॉइलमधून थेट लिथियम भरायचा मोहही टाळा, कारण पुष्कळ मशीनवर तो दाब नियंत्रित नसतो.

आगीची भीती अनेकांच्या मनात आहे. २०२२ मध्ये पुण्यात विजेवरच्या स्कूटरला लागलेल्या आगीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. लिथियमचे प्रकार अनेक आहेत. त्यातलं आयर्न फॉस्फेट उष्णतेला निकल-मँगनीज-कोबाल्टपेक्षा बरंच स्थिर आहे. होडीवर फॉस्फेटच घ्या, दुसरं काही स्वस्त मिळालं तरी नको. बिनधोक मात्र कुठलीच बॅटरी नाही. लेड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तिच्यात खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. लिथियमचा शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात, म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वायर कथिल चढवलेली तांब्याची घ्या; साधी वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होते. पेटी आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी, असू दे.

किमतीचं बोलायचं तर तेवढ्याच एएचची लिथियम लेडच्या ढोबळमानाने अडीच-तीन पट पडते. वर सांगितल्याप्रमाणे लहान मापाची घेतली तर हा फरक बराच खाली येतो. वर्षाला दोनशे रात्री धरल्या तर निम्मी उतरणारी साधी लेड दोन-अडीच वर्षांत बदलावी लागते. चांगली फॉस्फेट बॅटरी भरण्या-उतरण्याच्या दोन हजारांवर फेऱ्या काढते. मधल्या काळात डिस्टिल पाणी घालणं नाही, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडणं नाही. मात्र जुनी लेड देऊन नवी घेताना वजनावर पैसे परत मिळतात. लिथियमला तसा गिऱ्हाईक बंदरात सहज सापडत नाही.

खरा धोका आहे तो वापरलेले सेल जोडून बनवलेल्या स्वस्त पॅकचा. ओळखायची सोपी रीत आपल्याच हातात आहे: मासळी तोलायचा काटा. १०० एएचचा एक सेल दोन किलोच्या आसपास असतो, असे चार लागतात. म्हणजे पेटी आणि सर्किट सोडूनच आठ किलो झाले. १०० एएच लिहिलेली बॅटरी काट्यावर सहा-सात किलो भरली, तर आत तेवढा माल नाही. जुने सेल वजनाला पूर्ण भरतात, म्हणून दुसरी परीक्षाही घ्या. १०० एएचची बॅटरी पूर्ण भरून ६० वॉटचा भार लावा. वीस तासांच्या आसपास चालायला हवी.

पावसाळी बंदीच्या ६१ दिवसांत दोघींना वेगळी वागणूक लागते. लेड पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याला एकदा चार्ज करायची, नाहीतर नारळी पौर्णिमेला ती उठत नाही. लिथियम निम्मी भरून, सगळ्या वायरी काढून, कोरड्या जागी उंचावर ठेवली की पुरे.

तेव्हा मी असं करेन. हाताने ओढायची पात (लहान होडी) किंवा आउटबोर्डची फायबर होडी, रात्रीचं जाळं, घरी चार्जिंग: ६० एएच फॉस्फेट, योग्य चार्जर आणि शंट मीटर. दिवसाच जाऊन दुपारी परतणाऱ्या होडीला एक दिवा आणि जीपीएससाठी लहान लेडही चालते, घाई करू नका. ट्रॉलरवर लेड ठेवा. तिथे लिथियम घ्यायची तर लवकर भरते आणि जास्त टिकते म्हणून, आणि डीसी-टू-डीसी चार्जरचा खर्च धरून. पैसे देण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: सेल फॉस्फेटचे आहेत, बीएमएस किती अँपिअरचा आहे, आणि होडीवर वापरल्यास वॉरंटी लागू राहते. तिसरी गोष्ट लिहून द्यायला नकार मिळाला, तर दुसरं दुकान बघा.