परदेशात घर बांधून घेतलं: राहायला आल्यानंतरच्या ११ महिन्यांचा अनुभव

हे तीन महिन्यांपूर्वी लिहायला बसले असते, तर पहिलंच वाक्य ‘या माणसाला काम देऊ नका’ असं आलं असतं. तेव्हा बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर वर, ओलीचा तपकिरी डाग उमटला होता. कंत्राटदार फोनवर सांगत होता, ही घरातल्या हवेची वाफ आहे, खिडक्या उघड्या ठेवत जा. आता तो डाग वाळलाय, भिंत पुन्हा रंगवून झालीय आणि माझं मत बरंच बदललंय. पूर्ण नाही.

आधी थोडी माहिती. नोकरीनिमित्त ज्या देशात राहतो तिथेच प्लॉट घेऊन बांधलेलं दोन मजली आरसीसी घर. साइट आमच्या तेव्हाच्या जागेपासून गाडीने दोन तासांवर, त्यामुळे जाणं शनिवार-रविवारीच. इथली भाषा आम्हाला दुकानात निभावेल इतपत येते, साइटवर निभावेल इतपत येत नाही. १० महिन्यांत व्हायचं काम १३ महिने चाललं. त्या उशिराबद्दल फार लिहीत नाही. तीन महिने जास्तीचं भाडं भरलं, वाईट वाटलं, संपलं.

कंत्राटदार निवडताना तिघांचे दर मागवले आणि मधल्या दरवाल्याला काम दिलं. सगळ्यांत स्वस्त होता त्याने वॉटरप्रूफिंग आणि गच्चीचा उतार दरपत्रकात धरलेच नव्हते. ते पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून आले असते आणि तोच सगळ्यांत महाग पडला असता. तिन्ही दरपत्रकं शेजारी ठेवून कोणात काय नाही हे बघायला एक संध्याकाळ लागली. सगळ्या बांधकामात माझी सगळ्यांत जास्त बचत त्या संध्याकाळी झाली.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले: जोतं, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम आणि गिलावा, नळकाम आणि फरशी, ताबा. टप्पा पुरा झाला की पैसे, आधी नाही. तरी दर वेळी ‘माल आणायचाय’ म्हणून तो पुढची उचल मागायचा. एकदाच दिली, आणि त्याच महिन्यात त्याचे गवंडी दुसऱ्या साइटवर होते. तिथून पुढे मालाचे पैसे माल साइटवर उतरल्यावर थेट पुरवठादाराला दिले आणि त्याच्या बिलातून वळते केले. शिवाय प्रत्येक बिलातले ५ टक्के राखून ठेवायचे. त्यातले अर्धे ताबा घेताना द्यायचे, उरलेले अर्धे १२ महिन्यांनी. यावर तो खूप भांडला. म्हणाला, हाच माझा नफा आहे, तोच तुम्ही धरून ठेवताय. मी हलले नाही. पैशाच्या बाबतीत माझा हात आखडता आहे हे मान्य, पण इथे तो आखडता होता म्हणूनच पुढची सगळी गोष्ट घडली.

राखीव रकमेची पद्धत जगभर रुळलेली आहे. जिनिव्हात मुख्यालय असलेल्या ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेचं ‘रेड बुक’ हे नमुना करारपत्र १९५७ पासून मोठ्या कामांना वापरतात. छोट्या कामांसाठी त्यांनी १९९९ मध्ये ‘ग्रीन बुक’ काढलं. घरासाठी तेही जड होतं. पण राखीव रक्कम, दोष कळवायची मुदत आणि करार दोन भाषांत असेल तर कोणत्या भाषेतला मजकूर अंतिम धरायचा, हे तीन मुद्दे वकिलाकडून आमच्या आठ पानी करारात घालून घेतले. भाषेचा मुद्दा विसरू नका. आमच्या करारात स्थानिक भाषा अंतिम आहे. इंग्रजी भाषांतरात ‘वॉटरप्रूफिंग’ एवढाच एक शब्द होता आणि मूळ मजकुरात त्याच जागी दोन ओळी होत्या, हे मला भांडणाच्या वेळी कळलं. सुदैवाने त्या दोन ओळी आमच्या बाजूच्या निघाल्या.

तुम्ही ज्या देशात आहात तिथला कायदा काय म्हणतो हे करार करण्याआधी बघा. फ्रान्समध्ये १९७१ च्या कायद्याने राखीव रक्कम ५ टक्क्यांच्या वर धरता येत नाही, आणि सांगाड्याच्या दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यावर १० वर्षं राहते. स्पेनच्या १९९९ च्या कायद्यात फिनिशिंगला १ वर्ष, घर राहण्याजोगं न ठेवणाऱ्या दोषांना ३ वर्षं आणि सांगाड्याला १० वर्षं अशी विभागणी आहे. अनेक अरब देशांतही १० वर्षांची जबाबदारी कायद्यातच आहे. जे कायद्याने मिळतंच, त्यासाठी करारात घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

आता टेपबद्दल. मला या सगळ्या अनुभवातून एकच गोष्ट सांगायला दिली, तर मी टेपबद्दल सांगेन.

जे झाकलं जाणार आहे, त्याचा झाकण्याआधी फोटो. आणि त्या फोटोत मोजपट्टी लावलेली. हे आम्ही करारात घातलं होतं: टेपचा फोटो नसेल तर त्या टप्प्याचं बिल पास नाही. पायाची खोली, सळयांमधलं अंतर, सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक, भिंतीतले पाइप फरशीपासून किती वर आणि कोपऱ्यापासून किती आत, बाथरूममधलं वॉटरप्रूफिंग भिंतीवर किती उंच चढवलंय, सगळं. पहिल्या महिन्यात आलेले फोटो बिनकामाचे होते. टेप हवेत धरलेली, किंवा मधूनच कुठून तरी सुरू झालेली. मग नियम वाढवला, टेपचा शून्य दिसलाच पाहिजे. मुकादमाला याचा वैताग यायचा, हे फोटोत दिसणाऱ्या त्याच्या हातावरूनही कळायचं. पण तिसऱ्या महिन्यापासून तो न सांगता शून्य कोपऱ्याला टेकवून फोटो पाठवू लागला. शेवटी ६०० च्या वर फोटो जमले. दर रविवारी रात्री मी त्यांना खोलीचं नाव आणि तारीख घालून ठेवायची. घरचे म्हणायचे, एवढं कशाला? आज पडदे टांगायला, कपाट ठोकायला ड्रिल मारताना मी आधी फोटो उघडते. आजवर एकही पाइप किंवा वायर फुटलेली नाही.

दुसरी गोष्ट स्वतंत्र इंजिनिअरची, आणि इथे माझं मत पार उलटलं. कंत्राटदाराकडे इंजिनिअर असताना आपण वेगळा का ठेवायचा, असं मला वाटायचं. महिन्याच्या पगारावर ठेवायला मी तयारच नव्हते. शेवटी एका इंजिनिअर बाईंना भेटीच्या हिशोबाने ठरवलं. एकूण नऊ भेटी, त्याही काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी किंवा काही झाकलं जाण्याआधी.

पहिल्या स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यांनी रेडीमिक्सची, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची, ऑर्डर बघितली आणि फोन केला. नकाशावर काँक्रीटची प्रत सी२५/३० लिहिलीय आणि प्लांटकडून सी२०/२५ येतंय, हे कोणी ठरवलं? मीच ठरवलं होतं. आपल्याकडच्या सवयीने मी मेसेजमध्ये ‘एम२५ चालेल ना’ असं लिहिलं होतं आणि कंत्राटदाराने ते शब्दशः पाळलं होतं. एम२५ मधला २५ हा १५० मिलिमीटरच्या घनाची २८ दिवसांची ताकद सांगतो. युरोपीय पद्धतीत दोन आकडे असतात. पहिला १५० बाय ३०० च्या दंडगोलाचा, दुसरा घनाचा. म्हणजे सी२५/३० हे आपल्या एम३० च्या जवळ जातं आणि एम२५ म्हणजे सी२०/२५. मी नकाशाहून एक पायरी खालचं काँक्रीट मागवून बसले होते. ऑर्डर त्याच संध्याकाळी बदलली. दुसऱ्या दिवशी गाडी आल्यावर गवंड्याने काँक्रीट पातळ करायला पाणी मागितलं, तेही त्यांनी उभ्या राहून थांबवलं. वरून मारलेल्या पाण्याने काँक्रीट पसरवायला सोपं होतं आणि ताकद उतरते. त्या एका दिवसात नऊ भेटींचे पैसे वसूल झाले असं मी मानते. फी ठरवताना त्यांच्याशी जी घासाघीस केली, ती करायला नको होती.

आता ओल. राहायला आल्यावर आठव्या महिन्यात डाग दिसला. भिंतीच्या पलीकडे बाथरूम, तिथे शॉवर. कंत्राटदाराचं पहिलं उत्तर वाफ, दुसरं ‘नवीन घर आहे, बांधकामातलं पाणी सुकतंय’. दुसरं उत्तर अगदीच खोटं नव्हतं, नव्या घरात पाणी असतंच. पण कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, सुकायला साधारण मिलिमीटरला एक दिवस, आणि ५० मिलिमीटरच्या वर थोडा जास्त वेळ लागतो. आमचा कोबा ६० मिलिमीटरचा. तो कधीच सुकून गेलेला असणार. शिवाय घरभर ओल नाही, एकाच कोपऱ्यात आहे.

वाफेचा वाद मिटवायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा डागावर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवला. घरातली वाफ असेल तर पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला धरतं, भिंतीतून येत असेल तर आतल्या. दुसऱ्या दिवशी आतून थेंब लागले होते. फोटो पाठवला. उत्तर आलं, पाइप तपासा. पाइप बंद करून दाबाखाली ठेवला, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रात्रभर हलला नाही. मग दहा दिवस तो शॉवर वापरलाच नाही आणि रोज ओल मोजायच्या छोट्या मीटरने डागावरचा आकडा लिहून ठेवला. असले मीटर बहुधा लाकडासाठी असतात, गिलाव्यावरचा त्यांचा आकडा खरा धरता येत नाही. पण आकडा चढतोय की उतरतोय ते नक्की कळतं. दहाही दिवस तो उतरत गेला. म्हणजे पाणी शॉवरचंच. तरीही कंत्राटदार म्हणत होता, ताबा देताना बाथरूममध्ये तुमच्यासमोर २४ तास पाणी भरून ठेवलं होतं, थेंब गळला नाही. हेही खरं होतं. पण ते पाणी तळावर दोन बोटं होतं. भिंतीवर वर काय आहे, हे त्या परीक्षेत कळणारच नव्हतं.

शेवटी उत्तर एका फोटोत सापडलं, आणि तो फोटो वॉटरप्रूफिंगचा नव्हताच. बांधकामाच्या वेळी आम्ही शॉवरचा मिक्सर (गरम-गार पाण्याचा नळ) ३०० मिलिमीटर डावीकडे सरकवायला सांगितला होता. त्यासाठी भिंत पुन्हा फोडली, पाइप बदलला आणि गेज लावून दाबाचा फोटो काढला. फोटो गेजचा. पण मागे भिंत दिसते. काळं वॉटरप्रूफिंग १८०० मिलिमीटरपर्यंत चढलेलं, आणि त्याच्या मधून वरपासून खालपर्यंत राखाडी गिलाव्याचा नागडा पट्टा. शेजारी टेप. पट्टा २०० मिलिमीटर रुंद. फोडलेली भिंत गिलावा करून बुजवली, त्यावर वॉटरप्रूफिंग कोणी मारलं नाही आणि दोन दिवसांनी टाइल बसली. सांध्यांतून झिरपलेलं पाणी आठ महिने त्या पट्ट्यातून भिंतीत जात होतं.

मी तो फोटो पाठवला. एक दिवस काहीच उत्तर नाही. मग फोन आला, ‘चूक आमची आहे, पण मिक्सर तुम्ही हलवायला सांगितला होता.’ त्यावर आमचं पुन्हा दोन आठवडे चाललं. माझं म्हणणं, हलवायचे पैसे तू घेतलेस, म्हणजे ते कामही पुरं करून द्यायचं होतंस. सात आठवड्यांत मी एकही गोष्ट नुसती फोनवर बोलले नाही, प्रत्येक वेळी त्याच दिवशी लेखी पाठवलं. शेवटी त्याने मान्य केलं. राखीव रक्कम हातात नसती तर केलं असतं का? मला नाही वाटत.

पण एकदा मान्य केल्यावर तो ज्या पद्धतीने आला, त्याने मला धक्काच दिला. चार दिवसांत टाइल काढल्या, पट्टा आणि दोन्ही बाजूंना वीतभर जादा भाग पुन्हा वॉटरप्रूफ केला, सुकू दिला, टाइल बसवल्या. जुन्या बॅचच्या दोन खोकी टाइल मी हट्टाने उरवून ठेवल्या होत्या, म्हणून रंगात फरक आला नाही. मग काही न मागता तो स्वतःचा मीटर घेऊन वरच्या बाथरूममध्ये गेला आणि तिथली भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. कारण तिथला नळही बांधकामात एकदा हलवला होता, हे मी विसरले होते, त्याच्या लक्षात होतं. तिथे कोरडं निघालं.

तेव्हा ५ पैकी १ दिला असता, आज साडेतीन देते. उरलेला दीड, उशीर आणि त्या ‘हवेच्या वाफेच्या’ सात आठवड्यांचा. जिन्याखालचं दार अजून घासतं, त्याचं काम यादीत आहे.

पुढच्या महिन्यात मुदत संपते आणि उरलेली राखीव रक्कम द्यायची आहे. त्याआधी गच्चीवर दोन दिवस पाणी भरून ठेवायचं ठरवलंय, या वेळी पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, पायथ्यापर्यंत, टेप लावून. तारीख कळवली तर तो म्हणाला, मीही येतो.