घणसोलीत भाड्याच्या खोलीसोबत मिळालेलं कीपॅडवालं प्रीपेड मीटर: मशीन चांगलं, सर्व्हिस बेकार (५ पैकी अडीच)

आधीच क्लिअर करते, हे महावितरणचं स्मार्ट मीटर नाही. ते सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेडमध्ये लावणार नाही असं सरकारने जून २०२४ मध्येच जाहीर केलं होतं, सध्या बसवतायत ती पोस्टपेड आहेत. मी बोलतेय ते मालकाने स्वतः आत लावलेल्या सबमीटरबद्दल. घणसोली कोपरखैरणे साईडला रो हाऊसमध्ये खोल्या काढून भाड्याने देतात ना, तिथला प्रकार. खाली महावितरणचं एकच मीटर, वर प्रत्येक खोलीला एक डबा, पैसे ऑनलाईन भरायचे, मेसेजवर २० आकडी टोकन येतं, ते कीपॅडवर दाबायचं की युनिट चढले.

मशीनबद्दल खरंच तक्रार नाही. किती युनिट उरले ते कधीही बघता येतं, बॅलन्स संपत आला की लाल लाईट लागते आणि बीप बीप सुरू होतं, आणि एसी तासाला किती खातो हे डोळ्यासमोर दिसलं की आपोआप रिमोटकडे हात जातो. एक वैताग म्हणजे रात्री अंधार झाला की महावितरणची लाईट गेलीय का आपलं बॅलन्स संपलंय हे कळायला आधी जिन्यात जाऊन बघायचं, जिन्यात उजेड म्हणजे चूक आपल्या बॅलन्सची.

आता खरा त्रास. माझ्याआधी ही खोली बरेच महिने बंद होती. आधीचा भाडेकरू गेला पण मीटरचं खातं त्याच्याच नावावर आणि त्याच्याच मोबाईलवर, त्यामुळे मी ५०० भरले की टोकन त्याला जाणार! मालक काकांना सांगितलं तर म्हणाले "अगं त्याला फोन करून विचार ना". नंबर बंद. मीटर चालवणारी जी एजन्सी आहे (नाव लिहीत नाही) तिच्या हेल्पलाईनवर मालकाचं लेटर आणि भाडेकराराची कॉपी पाठवल्यावर खातं माझ्या नावावर झालं. मग ५०० भरले, तर टोकन आलं फक्त २०० रुपयांच्या युनिटचं. उरलेले ३०० कुठे गेले? तर आधीच्याने वापरलेलं इमर्जन्सी क्रेडिट (बॅलन्स संपल्यावर उधारीवर मिळणारे युनिट) आणि खोली बंद असतानाचा दर महिन्याचा सर्व्हिस चार्ज, सगळं पुढच्या रिचार्जमधून आपोआप वसूल. म्हणजे पंखा त्याने फिरवला, पैसे मी भरले. काकांनी ते भाड्यातून वजा केले हे खरं, पण मी पावती पुढे केल्यावर.

आणि एवढं करून ते टोकन मीटर घेईनाच, आकडे दाबले की रिजेक्ट. हेल्पलाईनवाले म्हणे मॅडम नंबर नीट दाबा. शेवटी माझा मामेभाऊ, जो रबाळेला एमआयडीसीत पॅनलच्या कामात आहे, त्याने कोडं सोडवलं. या एसटीएस (प्रीपेड टोकनचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) पद्धतीच्या मीटरमध्ये प्रत्येक टोकनवर वेळेचा शिक्का असतो, १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटं झाली तो आकडा. त्याला जागा दिलीय २४ बिट, म्हणजे साधारण १ कोटी ६७ लाख मिनिटं, आणि ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्यामुळे जगभरातल्या अशा जुन्या मीटरमध्ये त्याआधी दोन स्पेशल टोकन टाकून ते मोजणं नव्याने सुरू करावं लागलं. आमची खोली तेव्हा कुलूपबंद, टाकणार कोण? त्या दोन स्पेशल टोकनना 'की चेंज' (key change) टोकन म्हणतात. भावाने हेल्पलाईनला "की चेंज टोकन द्या" एवढंच सांगितलं आणि अर्ध्या तासात दोन्ही नंबर आले. आधी पहिला, मग दुसरा, मग आपलं रिचार्ज, चढलं! हे त्यांना आधी सुचू नये म्हणजे कमाल आहे. हो, आणि हे केल्यावर आधी विकत घेऊन न वापरलेलं जुनं टोकन चालत नाही, कोणाकडे पडून असेल तर आधी ते टाकून घ्या.

लोड लिमिट (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येते ते) पण आधीच्याचंच होतं, २ किलोवॅट. गिझर एकटाच २ किलोवॅटचा, त्यात इस्त्री लावली की खट्. ते वाढवायला एजन्सी आणि मालक दोघांची परवानगी लागली, वायरिंग तेवढी पेलते का हे वायरमनकडून बघून घेतलं मगच वाढवलं.

रेटवर मात्र माझं अजून वाजतंय. मीटरमध्ये सरसकट १२ रुपये युनिट सेट आहे. महावितरणचं घरगुती बिल स्लॅबमध्ये येतं, पहिले १०० युनिट सगळ्यात स्वस्त, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, असं चढत जातं. चार खोल्यांची बेरीज एका मीटरवर म्हणजे बिल वरच्या स्लॅबला जाणारच, आणि महिन्याला ६०-७० युनिट जाळणारी मी तो वरचा रेट भरणार. माझं म्हणणं एवढंच की मूळ बिलाची झेरॉक्स दाखवा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा, जो रेट निघेल तो लावा. काका म्हणतात पुढच्या महिन्यात बघू. बाजूच्या खोलीतल्या ताईसुद्धा आता बिल मागायला लागल्यात, त्यामुळे बहुतेक बघावंच लागेल.

अशी खोली घेत असाल तर टोकन द्यायच्या आधी (घराचं टोकन हो) मीटरवरचं रीडिंग, खात्यावरची बाकी आणि रेट तिन्हीचे फोटो मालकाला व्हॉट्सॲप करा आणि एक ५० चं रिचार्ज त्यांच्यासमोर मारून बघा.