खटक्यांचा स्टीलचा डबा: हर्णैच्या पावसाळ्यासकट आठ महिने

मे अखेरीस पुण्यात रविवार पेठेतून हा डबा घेतला. चौकोनी, पाच लिटरचा, चारही बाजूंना खटके, झाकणाच्या आत सिलिकॉनची पांढरी कड. ८५० सांगितले, ८०० ला दिला. आमचं घर कोकणात दापोलीजवळ हर्णैला आणि लेक पुण्यात शिकायला आहे, त्यामुळे महिना-दीड महिन्याने माझी फेरी असते आणि निघायच्या आधी घरून यादी येते. कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं, खारी, जिरा बटर, जमलं तर मावा केक. दापोलीत बेकऱ्या नाहीत असं नाही हो. सकाळचा गरम पाव आमच्याकडचाच चांगला. पण १९५५ पासून चाललेल्या त्या दुकानाची रांग लावून आणलेल्या खोक्याला घरात जो मान मिळतो तो इथल्या नानकटाईला मिळत नाही, त्याला मी काय करू.

आधी मी ती पुठ्ठ्याची खोकी तशीच पिशवीतून आणायचे. स्वारगेटहून एसटी, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली, मग हर्णैची गाडी. उन्हाळ्यात खारीचा भुगा आणि पावसाळ्यात सगळंच सादळलेलं. डबा घेतला तो यासाठी.

प्रवासापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. जुलैच्या फेरीत खिडकीची काच सरकेना, पाऊस थेट मांडीवर येत होता आणि डबा मांडीवरच होता. घरी पोचेपर्यंत माझी साडी पिळायच्या लायकीची झाली होती, आत खारीचा पापुद्रा न् पापुद्रा कोरडा. खारी उभी लावायची, खाली बटर पेपरचा बोळा आणि वर श्रूजबेरीचं खोकं ठेवायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की भुगा होत नाही. कयानी दुपारी बंद असते म्हणून सकाळीच रांगेत उभी राहते. बिस्किटं हाताला कोमट लागली तर लेकीच्या खोलीवर पंख्याखाली पूर्ण गार करते आणि मगच भरते. कोमट भरली की वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी परत बिस्किटावर.

जूनमधली चूक मात्र माझीच. मावा केक आणि श्रूजबेरी एकाच डब्यात भरली, मध्ये नुसता कागद. घरी उघडलं तर केक कडेने कोरडा पडलेला आणि बिस्किटं मऊ. डबा कुठून गळतोय म्हणून मी पाणी भरून उलटा करून बघितला, थेंब नाही. मग लक्षात आलं, केकमध्ये ओल भरपूर, बिस्किटात जेमतेम, आणि डबा घट्ट असल्यामुळेच ती ओल बाहेर न जाता बिस्किटांनी घेतली. तेव्हापासून केक वेगळा. कडक ब्रून पाव तर आणूच नका, बंद डब्यात त्याची साल चिवट होते.

आता घरातला वापर. इथे मी फसले होते. मला वाटायचं डबा घट्ट म्हणजे महिनाभर चिंता नाही. पण आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ऑगस्टात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. चहाच्या वेळी डबा उघडला की तीच हवा आत जाते आणि खटके लावले की ती आतच राहते. मोठा डबा, दिवसातून सहा वेळा उघडझाप, दर वेळी ओली हवा कोंडायची. चौथ्या दिवशी श्रूजबेरी मोडताना कट असा आवाज यायचा बंद झाला, नुसती वाकायची आणि मग तुटायची.

म्हणून गणपतीआधीच्या फेरीला पद्धत बदलली. घरी पोचल्याबरोबर एकदाच डबा उघडायचा, दोन दिवसांचं लहान बरणीत काढायचं आणि डबा परत बंद. नारिंगी दाण्यांची सिलिका जेलची पुडी आत टाकली. ओल धरली की दाणे हिरवे होतात, मंद तव्यावर तापवले की पुन्हा नारिंगी. (पोरांच्या हाताला लागणार नाही असं बघा.) सासूबाईंचं म्हणणं तळाला मूठभर साखर टाकावी. टाकली. साखरेलाच पाणी सुटलं, आणि मुंग्यांना आमंत्रण. पण गौरीजेवणाच्या दिवशी, आणल्यापासून अकराव्या दिवशी, शेजारच्या काकी बिस्किट मोडून म्हणाल्या, "काय गो, काल आलीस की काय पुण्याहून?" ही माझी पावती.

सादळलीच तर फेकू नका. जाड तव्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवायची. गरम असताना मऊच वाटतात, गार झाली की कडक होतात. गार झाल्या झाल्या बंद करायची, पावसाळ्यात ताटात पसरून ठेवून गप्पा मारत बसायचं नाही.

तक्रारी दोन. ऑक्टोबरात एक खटका ढिला झाला. तीन खटक्यांवर डबा बंद होतो, पण त्या कोपऱ्यात कागदाची चिंधी सहज आत सरकते, म्हणजे हवाही जात असणार. दुकानदाराला विचारलं तर खटका काय किंवा कड काय, सुटी मिळत नाही, नवीन झाकणच घ्या म्हणाला, आणि झाकण त्याच्याकडे नव्हतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. स्टीलला वास धरत नाही, पण सिलिकॉनला धरतो. दिवाळीनंतर डबा रिकामा पडलेला बघून सासूबाईंनी त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भरले. त्यांचंही चूक नाही, सोड्यांनासुद्धा कोरडी जागाच लागते. मी कड काढून साबणाने धुतली, सोड्याच्या पाण्यात (तो खायचा सोडा) रात्रभर ठेवली, दोन दिवस अंगणात वाळवली. नाकाला काही लागेना म्हणून डिसेंबरात श्रूजबेरी भरून आणली. लेक सुट्टीत सोबत आली होती. तिने पहिलं बिस्किट तोंडात घातलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

पुढच्या फेरीला तसाच दुसरा घेणार आहे, पण तीन लिटरचा, आणि दुकानात आधी सुटी कड आहे का ते विचारून. हा सोड्यांना दिला. सोडे अजून कुरकुरीत आहेत.