एलियन आयसोलेशन: कानाने खेळायचा गेम

सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे मी, अकरा वर्षं झाली, आणि हे आधीच सांगतोय कारण या गेमबद्दल मला जे बोलायचंय ते त्या कामाशिवाय सांगताच येणार नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाऊसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मशीन बघून काही कळत नाही, ऐकून कळतं. बेअरिंग जायला आलं की आधी आवाज बदलतो, गरम नंतर होतं. तर एलियन आयसोलेशन हा अख्खा गेम असा आहे, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसल्यासारखा.

गेम जुना आहे, ऑक्टोबर २०१४ चा. क्रिएटिव्ह असेंब्लीने बनवलाय, सेगाने काढलाय. क्रिएटिव्ह असेंब्ली म्हणजे तेच टोटल वॉर नावाचे युद्धाचे गेम बनवणारे, एका वेळी हजारो सैनिक मैदानात उतरवणारे, आणि त्याच लोकांनी एक बाई, एक स्टेशन आणि एक प्राणी एवढ्यावर हा गेम उभा केला याचं मला अजून नवल वाटतं. मी तो सेलमध्ये घेतला, मागच्या डिसेंबरात, नाशिकची थंडी पडलेली, पंखे बंद, सिडकोत रात्री एकनंतर हायवेवरच्या ट्रकचा आवाज सोडला तर काही नसतं. सेकंड शिफ्ट करून आलो की जेवायचं आणि हेडफोन लावून बसायचं असा महिनाभर कार्यक्रम होता.

स्टोरी थोडक्यात. साल २१३७. अमांडा रिप्ली, तिची आई पंधरा वर्षांपूर्वी नॉस्ट्रोमो नावाच्या अंतराळ जहाजासकट बेपत्ता झालेली. आता त्या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर सापडलाय असं कळतं आणि तो घ्यायला ही सेव्हास्तोपोल नावाच्या अंतराळ स्टेशनवर जाते, तर तिथे सगळी वाट लागलेली, माणसं एकमेकांवर गोळ्या झाडतायत आणि हवेच्या डक्टमधून काहीतरी फिरतंय. यापुढचं सांगत नाही.

मला पहिल्या तासातच जे आवडलं ते म्हणजे अमांडा इंजिनिअर आहे, फौजी नाही. तिचं काम म्हणजे जनरेटर चालू करणं, दाराला ठोकलेल्या पट्ट्या मेंटेनन्स जॅकने काढणं, कटिंग टॉर्चने पॅनेल कापणं, आणि भिंतीवरच्या रीवायरिंग बॉक्समधून पॉवर इकडची तिकडे वळवणं. स्पीकर चालू करायचे का कॅमेरे बंद करायचे का हवेचं प्युरिफिकेशन बंद करून धूर साठवायचा म्हणजे त्यात लपता येतं, हे आपण ठरवायचं. लिव्हर ओढायचा तर बटण दाबलं आणि झालं असं नाही, धरून ठेवावं लागतं, खाली खेचावं लागतं, आणि तेवढा वेळ तुमची पाठ उघडी असते. ज्याने कधी लाईट गेलेल्या शेडमध्ये एकट्याने पॅनेल उघडलंय त्याला ही पाठ उघडी असण्याची भावना सांगायला नको. स्टेशन दिसतंही तसंच, जाड काचेचे डबा मॉनिटर, टकटक करणारे कीबोर्ड, हिरवी अक्षरं. १९७९ च्या मूळ ‘एलियन’ पिक्चरच्या काळात भविष्य जसं वाटत होतं तसंच ठेवलंय, टच स्क्रीन वगैरे काही नाही. स्क्रीनवरच्या मुंग्या आणि पट्ट्या खऱ्या वाटाव्यात म्हणून बनवणाऱ्यांनी चित्रं खऱ्या व्हीएचएस टेपवर उतरवून घेतली होती.

आता तो प्राणी. मरत नाही. बंदूक आहे, पण ती त्याच्यासाठी नाही. गोळी घातली तर फक्त तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं. पुढे फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग फेकणारं हत्यार, मिळतो, त्याने तो पळतो, पण दर वेळी वापरत बसलात तर हळूहळू तो त्यालाही सरावतो. आणि त्याचा रस्ता ठरलेला नाही, एकदा डावीकडून गेला म्हणून पुढच्या वेळी डावीकडून जाईलच असं नाही. यामागची रचना मी वाचली तेव्हा गेमबद्दलचा आदर आणखी वाढला. आत दोन डोकी आहेत. वरच्याला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, खालचं म्हणजे खुद्द प्राणी, त्याला फक्त त्याचे डोळे आणि कान. वरचा खालच्याला तुमची जागा सांगत नाही, फक्त त्या बाजूला बघ म्हणून सुचवतो, बाकी शोधायचं त्याने स्वतः. आणि तो फार वेळ तुमच्या आसपासच घुटमळत राहिला, तुमच्यावरचा ताण ठराविक हद्दीपलीकडे गेला, की वरचा त्याला परत डक्टमध्ये धाडतो. म्हणून श्वास घ्यायला जागा मिळते, पण किती वेळ ते कळत नाही.

सॅन क्रिस्टोबल, म्हणजे स्टेशनवरचं हॉस्पिटल, तिथे हे सगळं पहिल्यांदा पुरतं अंगावर येतं. मी तिथे नऊ वेळा मेलो आणि त्यातले निम्मे माझ्या हेडफोनमुळे. मेन रोडच्या एका दुकानातून घेतला होता, नाव नाही घेत, आठ दिवसांत डावी बाजू गेली, दुकानदार म्हणाला आम्ही बदलून देत नाही. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये चाललं असतं, इथे एका कानाने खेळणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं. कारण सगळी माहिती आवाजात आहे. तो डक्टमध्ये असला की पत्र्यावर धबधब, आणि तो डोक्यावर आहे का शेजारच्या खोलीवर हे ऐकून कळतं. खाली उतरला की आवाज जड होतो, फरशीवर पाय पडतो तो. शेवटी मित्राचा हेडफोन आणला, पाथर्डी फाट्याला राहतो तो, आणि त्या रात्री पहिल्यांदा मला तो प्राणी दिसायच्या आधी कळायला लागला.

ती रात्र सांगतो. कॉरिडॉरमध्ये वाकून चाललोय, हातात मोशन ट्रॅकर, म्हणजे जवळ काही हललं की टिपका दाखवणारं यंत्र, त्याच्यावर नजर लावली की मागचं सगळं धूसर होतं, म्हणजे एक तर ट्रॅकर बघा नाहीतर समोर बघा. टिपका नाही. म्हटलं चला. आणि वर बघितलं तर छताच्या गोल झाकणातून लाळेची तार खाली लोंबतेय, दिव्याच्या उजेडात चमकणारी, अगदी बारीक, हळूहळू लांब होत जाणारी. ट्रॅकर गप्प कारण तो हललाच नव्हता, वरती बसून वाट बघत होता. आणखी दोन पावलं टाकली असती तर खेळ खलास. तसाच मागे सरकलो, लॉकरमध्ये शिरलो, थोड्या वेळाने तो उतरला आणि लॉकरसमोर येऊन थांबला. तिथे बटण धरून मागे रेलायचं आणि श्वास रोखायचा असतो, जास्त वेळ रोखला तर जीव कमी होत जातो. फटीतून त्याचं डोकं दिसत होतं. मी खुर्चीत खरोखर श्वास रोखून बसलो होतो, तो गेला तेव्हा कळलं.

एक्सबॉक्स वन आणि पीएस४ वर तर अशी सोय आहे की किनेक्ट (एक्सबॉक्सचा कॅमेरा) किंवा पीएस४ च्या कॅमेऱ्याच्या माइकमधून तुमच्या खोलीतला खरा आवाज गेममध्ये जातो, तुम्ही किंचाळलात तर तो ऐकतो. मी पीसीवर खेळलो, पण घरात आई उठून पाणी प्यायली आणि तांब्या वाजला तर काय झालं असतं हा विचार अनेकदा आला.

सेव्हिंगबद्दल खूप लोक तक्रार करतात, मला ते अतिशय योग्य वाटतं. भिंतीवर फोनसारखं यंत्र असतं, त्यात कार्ड घालायचं, मग एक एक करून तीन दिवे लागतात, तिसरा लागेपर्यंत सेव्ह नाही. तेवढ्या वेळात मागून खलास होऊ शकता. त्या तीन दिव्यांसाठी मी जेवढं देवाचं नाव घेतलंय तेवढं दहावीच्या रिझल्टला पण घेतलं नव्हतं. फक्त एकदा नेमकी लाईट गेली दुसऱ्या दिव्याला, चाळीस मिनिटांचं काम गेलं, त्यानंतर छोटा यूपीएस घेतला. तुम्हीही घ्या.

वर्किंग जो म्हणजे स्टेशनचे यंत्रमानव, रबरासारखं तोंड, चमकणारे डोळे. ते धावत नाहीत. चालत येतात आणि अगदी काऊंटरवरच्या माणसासारखं सभ्य बोलत बोलत गळा धरतात. काहींनी संरक्षक सूट घातलेला असतो, त्यांच्यावर विजेचा झटका चालत नाही, तेव्हा ईएमपी माइन, म्हणजे यंत्रांना विजेचा झटका देणारा सुरुंग, त्यांच्यावर वाया घालवू नका.

उणं काय, तर लांबी. अठरा मिशन आहेत, मला वीस तासांच्या वर लागले, आणि मधे एक पट्टा असा येतो की आता संपलं असं वाटतं आणि पुन्हा नवीन जनरेटर, नवीन लिव्हर. तिथे मी दोन दिवस गेम बंद ठेवला होता. माणसांचे चेहरे ताठ आहेत, अमांडा सोडली तर कुणाबद्दल फार काही वाटत नाही. पीसीवर कडा दातेरी दिसतात, त्यासाठी चाहत्यांनी बनवलेला एलियास आयसोलेशन नावाचा मोड, म्हणजे गेममध्ये वरून टाकायची जोड, आहे तो टाका, फरक डोळ्याला दिसतो. बाकी मशीन भारी लागत नाही, माझ्याकडे जुनं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर लोण्यासारखा चालला. डिस्कवर पस्तीस जीबी जागा ठेवा. मोबाईलवरही आहे, डिसेंबर २०२१ पासून, पण एवढ्याशा स्क्रीनवर आणि रिक्षात बसून हा गेम खेळू नका, माझी विनंती आहे.

ज्यांना मारामारी हवी, धडाधड गोळ्या हव्या, त्यांनी घेऊ नये, उगाच शिव्या घालाल. ज्यांना अंधारात उभं राहून ऐकायची तयारी आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावा, आधी दोन्ही बाजू चालणारा हेडफोन घ्यावा. हार्ड लेव्हलवर सुरू करा, इझीवर तो प्राणी फार दूर राहतो आणि मजा जाते. २०२४ मध्ये, दहा वर्षं झाली तेव्हा, दुसरा भाग बनतोय असं जाहीर केलंय.

मी आता परत सुरू केलाय, नाईटमेअर या सगळ्यात अवघड लेव्हलवर, त्यात मोशन ट्रॅकर नीट चालत नाही. काल शनिवारची सुट्टी होती, रात्रभर सॅन क्रिस्टोबलमध्येच होतो. दोनदा फक्त पत्र्याच्या आवाजावरून वाचलो.