भावाचं ओएसटी सेंटर : चार स्टार, एक कापला तो वेळेसाठी

ओएसटी म्हणजे गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) नशेऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली रोज औषधाची गोळी देतात ते. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. शेजारच्या सोसायटीवाल्यांनी "गर्दुल्ले जमतात" म्हणून आधीच एकदा बोंबाबोंब केलीये, अजून नको. मुंबईत आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं, एवढं पुरे. ज्याला खरंच गरज आहे त्याने एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ ला फोन लावा, टोल फ्री आहे.

माझा मोठा भाऊ गर्द घ्यायचा, आधी पन्नीवर ओढून, मग सुईने, आणि सुईतूनच एचआयव्ही झाला. तो काही एकटा नाही. देशात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास, आणि सुई घेणाऱ्यांत ९ टक्के, सरकारचाच २०२१ चा आकडा आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात हे आम्हाला माहीत होतं हो, पण टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून आलेला माणूस केसपेपरच्या लायनीत उभा राहील का, तो आधी माल शोधणार. आणि ज्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे तोंडावर काय ऐकवलं तर आधी नशा सोड, मग ये. सोडता आली असती तर आलाच कशाला असता?

इथे ते कोणी बोलत नाही. म्हणून चार स्टार.

इथलं काम असं चालतं. ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे ओएसटीची गोळी सिस्टर समोरच कुटते, भुकटी जिभेखाली टाकते आणि मग बाकावर गप बसायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही, ती विरघळेपर्यंत सगळे तोंड मिटून एकमेकांकडे बघत बसलेले असतात. उठायच्या आधी सिस्टर "जीभ वर कर" म्हणून तपासते कारण काहीजण गालात दाबून बाहेर नेऊन विकतात. भावाला आधी हे फार लागायचं, आता सवय झाली. टर्की येत नाही म्हणून सुईची धावपळ थांबली, आणि रोज यावंच लागतं म्हणून एआरटीची रात्रीची गोळीपण चुकत नाही. तिथला एक जण आहे, सगळे त्याला मामा म्हणतात, त्याने स्वतः कित्येक वर्षं सुई घेतलीये. तो भावाचा डबा उघडायला लावून गोळ्या मोजतो. आमच्या आईने मोजल्या असत्या तर भांडण झालं असतं, मामाने मोजलेल्या चालतात.

जे अजून सुई सोडत नाहीत त्यांना पण हाकलत नाहीत. नवीन सुया देतात, वापरलेल्या परत घेतात, हातापायाच्या गळवांचं ड्रेसिंग करतात. वास सहन होत नाही कधीकधी, पण सिस्टर तोंड वाकडं करत नाही.

मधे भावाला टीबी निघाला. टीबीची औषधं सुरू झाली आणि परत अंगदुखी, नाक गळणं, झोप नाही, आम्हाला वाटलं हा परत चोरून घ्यायला लागला. मामाने ओळखलं आणि डॉक्टरकडे नेलं. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे ओएसटीच्या गोळीचा असर उतरतो, डोस वाढवावा लागला. एआरटीतली डोल्युटेग्राविरपण त्या काळात दिवसातून दोनदा झाली. हे मामाच्या लक्षात आलं नसतं तर आम्ही त्याला घराबाहेर काढला असता, खरं सांगते.

घरच्यांसाठी एक सूचना, तिथे जाऊन रिपोर्ट मागू नका. मी मागितला तर काउन्सेलर म्हणाली, "ताई, तो हो म्हणाला तरच." २०१७ चा एचआयव्हीचा कायदाच आहे तसा. राग आला होता, पण त्यामुळेच भाऊ तिथे मोकळा बोलतो.

कागदपत्रांची मदत पण करतात. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीवाल्यांना बसवता येतं, महिन्याला १५०० रुपये. पण उत्पन्नाचा दाखला हवा, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा हवा, आणि जो पुलाखाली झोपतो त्याने रेशनकार्ड कुठून आणायचं? मामा तहसीलला खेटे घालतो, भावाचं झालं कारण आमचा पत्ता आहे. बाकीच्यांचं लटकलंय.

आता तो कापलेला स्टार. दुपारीच डोसची खिडकी बंद. भाऊ नाक्यावर बिगारी काम करतो, सकाळी काम मिळालं की डोस बुडतो, डोसला गेला की मजुरी बुडते. लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या मिळायच्या, तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं, मग स्थिरावलेल्यांना आत्ता द्यायला काय हरकत आहे? वर एआरटी वेगळ्या हॉस्पिटलात, टीबी तिसरीकडे, म्हणजे रोजंदारीवाल्याने तीन ठिकाणी लायनी लावायच्या. आणि बायकांसाठी तिथे वेगळी खोली नाही, संडाससुद्धा एकच. सुई घेणाऱ्या बायका नाहीत असं नाही, त्या तिथे फिरकत नाहीत एवढंच.

पहिल्यांदा जाणार असाल तर लवकर जा, आधारकार्ड नसलं तरी जा, आणि आत गेल्यावर मामाला विचारा.