फ्लॅट चकाचक, इमारत सी-२ए

भाड्याचं उत्पन्न मिळावं म्हणून ठाण्यात जुना फ्लॅट घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. विशेषतः निवृत्तीचे पैसे हातात आलेल्या लोकांसाठी, कारण दोष झाकून जुनी घरं खपवणारी मंडळी नेमकी अशीच गिऱ्हाइकं हेरतात.

कोपरी, ठाणे पूर्व. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, ऐंशीच्या दशकातली, तळमजला अधिक चार मजल्यांची बिनलिफ्टची इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके मी घेतला. घोडबंदर रोडला नवीन घर मिळतं, पण ते लांब पडतं आणि भाडेकरूला स्टेशन जवळ हवं असतं. हे गणित बरोबर होतं आणि आजही मला ते चुकीचं वाटत नाही. जुनी घरं घेऊन, नीट दुरुस्त करून भाड्याने देणारे कितीतरी लोक सचोटीने चार पैसे मिळवतात. आमच्या बाबतीत मात्र खोट लपवून माल खपवला गेला.

एजंटने सगळं तयार पुढ्यात ठेवलं. "काकू, तुम्हाला हात हलवायची गरज नाही. टाइल्स नवीन, ग्रॅनाइटचा ओटा नवीन, भिंतींना पुट्टी, रंग. भाडेकरू आत आहेतच, पहिल्या महिन्यापासून भाडं चालू." माझ्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घेतला. आधीच्या करारांची साखळी, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. टायटल, म्हणजे मालकी हक्क, खरंच स्वच्छ होतं. पण इमारत किती धड आहे ते सर्चमध्ये कळत नाही. ते कागद सोसायटीच्या कपाटात आणि महापालिकेच्या प्रभाग समितीत असतात. मी तिथपर्यंत पोचू नये यासाठी त्या एजंटने काय काय केलं, ते बारकाईने वाचा, कारण हेच तो दुसऱ्यांच्या बाबतीतही करणार.

पहिलं म्हणजे कर्ज. "लोनच्या भानगडीत पडू नका काकू, सौदा लांबतो. कर्ज न काढता थेट चेकने घेताय तर मालकाला सांगून दीड लाख कमी करून देतो." ही मेहेरबानी कशासाठी होती ते नंतर कळलं. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) आला की इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य विचारतो, आणि जुनी इमारत असेल तर बँक स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागू शकते.

दुसरं, सोसायटी. सेक्रेटरींना भेटायचं म्हटलं की ते गावाला गेलेले असायचे. मग एक दिवस त्याने कायदाच काढला: "फ्लॅट ट्रान्सफरला सोसायटीची एनओसी लागत नाही, उपविधींत लिहिलंय." हे वाक्य खरं आहे. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, सक्तीची नाही. पण त्याच कलमात पुढे आहे की विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ती हवी असेल तर त्याने अर्ज करायचा आणि समितीने त्यावर महिन्याभरात विचार करायचा. पुढचं अर्धं वाक्य त्याने गिळलं. अर्धं खरं सांगणारा माणूस सरळ खोटं बोलणाऱ्यापेक्षा घातक, कारण त्याचं म्हणणं पडताळलं तरी ते खरंच निघतं.

तिसरा तो भाडेकरू. एक बाई होत्या, घरात गादी, चार भांडी, मिक्सर, भिंतीवर कॅलेंडर. करार नोटरीवर केलेला, नोंदवलेला नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा भाड्याचा, करार नोंदवणं बंधनकारक आहे. नोंदणीत आधार आणि अंगठा द्यावा लागतो, उभा केलेला भाडेकरू ते कशाला देईल? सुरुवातीचं भाडं वेळेवर आलं. यूपीआयवर नाव मात्र भलत्याच माणसाचं होतं, भावाच्या खात्यातून पाठवते असं बाई म्हणाल्या. थोड्याच दिवसांत "बदली झाली" म्हणून सामान हलवलं. खरेदीच्या आधीची वीजबिलं नंतर मिळवली. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. जिथे बाई "दोन वर्षांपासून" राहत होत्या, तिथला वापर महिन्याला पाच-सहा युनिटच्या वर नव्हता. पंखा आणि फ्रीज चालणाऱ्या घराचं हे बिल असूच शकत नाही.

आणि चौथी गोष्ट डोक्यावर होती. हॉलमध्ये साधं छत, पण पॅसेजमध्ये आणि बाथरूमच्या दारासमोर पीओपीचं फॉल्स सीलिंग. शोभेसाठी खर्च करणारा माणूस हॉलपासून सुरुवात करतो. ओल येते तेवढ्याच भागात नवं सीलिंग दिसलं तर ते उघडून दाखवायला सांगा.

पावसाळ्यात त्या पीओपीवर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मिस्त्रीने हातोड्याच्या दांड्याने आजूबाजूला ठोकून पाहिलं तर बद्द, पोकळ आवाज. एक बोर्ड उतरवून आत बॅटरी मारली. स्लॅबचं खालचं काँक्रीट सुटून पडलेलं होतं, गज उघडे. गंजाचे पापुद्रे इतके सुटले होते की बोट फिरवलं तर लाल भुकटी हातावर यायची, आणि जाड गज मधेच बारीक झालेला दिसत होता. मोठ्या भगदाडात बारीक जाळी खोचून वर पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवलेला. वरच्या बाथरूमची गळती वर्षानुवर्षांची असणार. पाणी मुरलं की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडून काढतं. हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. सीलिंग लावणाऱ्याने हे सगळं पाहून मगच वर बोर्ड ठोकला होता.

सेक्रेटरी काका घरीच होते, ते कुठल्याही गावाला गेलेले नव्हते. त्यांनी फाइल काढली. आमच्या व्यवहाराच्या आदल्या वर्षी सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट केलं होतं आणि इमारत सी-२ए ठरली होती, म्हणजे रिकामी करून दुरुस्ती करायची. (सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहायलाच अयोग्य, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ.) अहवालावर विशेष सर्वसाधारण सभा झाली होती आणि प्रत्येक सभासदाने किती लाख भरायचे ते ठरलं होतं. काकांनी हजेरीचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. मला फ्लॅट विकणाऱ्या माणसाची सही तिथे होती, निळ्या शाईत, नावासकट. खरेदीखतावर तीच सही आहे.

ती सही पाहिल्यावर पैशांपेक्षा दुसराच विचार आधी आला. त्या पॅसेजच्या स्लॅबखाली मी कुणाचं तरी कुटुंब राहायला ठेवणार होते. ४ ऑगस्ट २०१५ ला पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळ कृष्णा निवास कोसळली आणि १२ माणसं गेली. कोपरीहून ते ठिकाण काही लांब नाही. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला गंजलेल्या गजाचा अर्थ कळत नाही, असं मी मानणार नाही. विकणाऱ्याला तो कळत होता, म्हणूनच तो विकून बाहेर पडला.

आता कायद्याचं, कारण इथे लोक चुकीच्या दारी जाऊन वेळ घालवतात. अशा जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाचा) उपयोग होत नाही, तो कायदा नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हे दिवाणी आहे" असंच ऐकायला मिळालं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, त्याखाली लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. आमच्या दाव्याचा मुख्य आधार मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५५ आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या खबरदारीने न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि तो न सांगणं म्हणजे कपट, असं हे कलम स्पष्ट म्हणतं. वकील म्हणाले, रजिस्टरमधली सही नसती तर "मला माहीतच नव्हतं" एवढं म्हणून तो सुटला असता. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर सर्वांत आधी सभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरीची प्रमाणित प्रत मागा.

व्यवहार अजून व्हायचा असेल तर टोकन देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात स्वतः जा, एजंटला बरोबर नेऊ नका. शेवटचा ऑडिट अहवाल मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, तेव्हा "झालंच नाही" हे उत्तरसुद्धा बरंच काही सांगतं. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, ती प्रभाग समितीत पाहायला मिळते. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची बेल वाजवून गळतीचं विचारा. शेजारी खरं सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

मुद्रांक शुल्क गेलं आणि वर नोंदणीचे ३० हजार, गेले ते गेलेच. दुरुस्तीचा माझा हिस्सा मी सोसायटीला भरला, कारण इतर कुटुंबांची दुरुस्ती माझ्यासाठी अडून राहणं मला पटत नव्हतं. इमारत रिकामी झाली आहे आणि फ्लॅटमधून एक रुपया भाडं येत नाही. मी काही रक्कम घेऊन दावा मागे घ्यावा, असा निरोप विकणाऱ्याने पाठवला होता, मी नकार दिला. एजंट अजून कोपरीतच धंदा करतो. सध्या तो मीठबंदर रोडच्या बाजूचा एक जुना वन बीएचके दाखवतो आहे. नवीन टाइल्स, नवीन ओटा आणि आत भाडेकरू असं त्याचं वर्णन माझ्याही ओळखीच्या एकीला आलं, म्हणून हे लगेच लिहिलं.