तळव्याची मधुमेही जखम: प्लास्टर की काढता येणारा बूट?

चवड्याखाली जखम झाली की सगळं घर ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकबद्दल बोलायला लागतं. तेही लागतंच, पण बधिर तळव्यावरची जखम भरायची तर आधी तिच्यावरचा भार उतरावा लागतो. त्यासाठी दोन पर्याय समोर येतात: गुडघ्याखालपर्यंत पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर, नाहीतर तेवढाच उंच, वेल्क्रोच्या पट्ट्यांचा बूट. आईसाठी आम्ही आधी बूट वापरला, मग प्लास्टर.

बुटाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. जखम रोज डोळ्यांनी दिसते, आंघोळीचे हाल होत नाहीत, झोपताना पाय मोकळा राहतो. वयस्कर माणसाला एवढी मोकळीकही मोठी असते.

मला नडले ते पट्टे. आई रात्री लघवीला उठायची. अर्धवट झोप, घाईची लागलेली, बोटांत जोर नाही. अशात वाकून पट्टे कोण आवळणार? "चार पावलांनी काय होतंय रे," म्हणत ती तशीच अनवाणी जायची आणि सकाळी ड्रेसिंगवर ओला, लालसर डाग दिसायचा. यात तिचा काहीच दोष नव्हता. दुखरा पाय माणूस आपोआप जपतो, तिला तर काही जाणवतच नव्हतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णाच्या कमरेला एक आणि बुटात एक अशी हालचाल मोजणारी यंत्रं बसवली होती. दिवसभरातल्या एकूण हालचालीपैकी जेमतेम 28 टक्के हालचाल बूट घालून झालेली निघाली. आमच्या घरातलं चित्र याहून फार वेगळं नसावं.

प्लास्टर लागलं आणि रात्रीची ती चार पावलंही सुरक्षित झाली. "आई, बूट घातलास का?" हे विचारणं संपलं, त्यावरून होणारी कुरबुरही. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं, म्हणून पहिलं थोड्याच दिवसांत बदलतात. पुढे साधारण आठवड्यानं. दर वेळी जखमेची कड आत सरकलेली दिसायची. पद्धत जुनीच आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर अशीच प्लास्टरं वापरली होती. 2001 च्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत 12 आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे 90 टक्क्यांची जखम भरली, काढत्या बुटात 65 टक्क्यांची.

तरीही प्लास्टर सरसकट सगळ्यांना चालेल असं मी म्हणणार नाही. पायाचा रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा जंतुसंसर्ग खोल गेला असेल, तर जखम झाकून ठेवणं धोक्याचं. मधुमेहात रोहिण्या कडक होतात आणि घोट्याजवळचा रक्तदाब खोटाच चांगला दिसू शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजायला सांगा. तोल जाणाऱ्या, अंधुक दिसणाऱ्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला बूटच बरा पडेल. प्लास्टरनं एक पाय उंच होतो, त्यामुळे दुसऱ्या पायातली चप्पल तेवढीच उंच करून घ्यावी लागते; नाहीतर कंबर धरते आणि पडायची भीती वाढते. ताप आला, वास यायला लागला, प्लास्टर भिजलं किंवा साखर अचानक चढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

प्लास्टर घालणारा सरावाचा माणूस मिळत नसेल तर मधली वाटही आहे: त्याच बुटावरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न निघणारा करायचा. चाचण्यांमध्ये याचे निकाल प्लास्टरच्या तोडीचे आले आहेत. डॉक्टरांशी बोलून तुमचं तुम्ही ठरवालच. पण रक्तपुरवठा ठीक असेल आणि माणूस रात्री उठणारा असेल, तर मी तरी सहज निघणारं काही घेणार नाही.

भरलेली जखम वर्षभरात साधारण 40 टक्के लोकांना पुन्हा होते. म्हणून भार विभागणाऱ्या पादत्राणांचं माप शेवटचं प्लास्टर निघायच्या आधीच देऊन ठेवा, म्हणजे पाय त्या दिवशी थेट त्यांतच जाईल.